नानांचा विषाणू, ताईंचे रेशीमकिडे: दिंडोरी तालुक्यातील एक प्रकरण

बाटली एकच, आरोप दोन. नानांचं म्हणणं, औषध फेल गेलं, टोमॅटोतल्या अळ्या अजून खातायत. रस्त्यापलीकडच्या ताईंचं म्हणणं, त्याच औषधानं माझ्या शेडमधले रेशीमकिडे मेले. दोघंही खरं बोलत असतील, तर तो विषाणू भलताच तऱ्हेवाईक म्हणायचा: ज्या अळीसाठी विकत आणला तिला सोडून शेजारणीच्या शेडमध्ये शिरणारा.

प्रकरण दिंडोरी तालुक्यातलं, पावसाळी टोमॅटोच्या हंगामातलं. गावाचं नाव देत नाही, कारण दोन्ही घरं शेजारी आहेत आणि शेजारीच राहणार आहेत. मी पीक संरक्षणाचा सल्ला देतो. दोघांनीही मला वेगवेगळं बोलावलं होतं, आणि पहिल्या फोनवर दुसऱ्याचा उल्लेख कुणीच केला नव्हता.

काय घडलं होतं

नानांचा प्लॉट मल्चिंगवरचा, तार-बांबूवर चढवलेला, माल पिंपळगाव बसवंतला जाणारा. पहिला तोडा तोंडावर आला असताना फळांवर भोकं दिसू लागली. तोडे सुरू झाले की रासायनिक फवारणीची पंचाईत होते. दर दोन-तीन दिवसांनी जाळ्या भरायच्या, मग फवारणीनंतर थांबायचे दिवस आणायचे कुठून? म्हणून नानांनी दुकानातून एचएएनपीव्ही आणलं. पूर्ण नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा न्यूक्लिअर पॉलिहेड्रोसिस व्हायरस. घाटेअळी म्हणून हरभऱ्यावर, बोंडअळी म्हणून कपाशीवर आणि फळ पोखरणारी अळी म्हणून टोमॅटोवर जी ओळखली जाते, त्या एका अळीचा हा विषाणू. बाटलीवर तसं लिहिलेलंही असतं. दुकानात मात्र ‘अळीचा व्हायरस’ एवढंच सांगून बाटली हातात दिली जाते. या प्रकरणातला निम्मा घोळ तिथंच आहे.

नानांनी गुरुवारी संध्याकाळी फवारणी केली. ऊन टाळलं, पाण्यात गूळ आणि नीळ टाकली. हे अगदी बरोबर केलं. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण पानावरच्या विषाणूला फार टिकू देत नाहीत, एखाद-दुसऱ्या दिवसात त्याचा जोर निघून जातो. नीळ त्या किरणांना थोडी आडवी येते आणि गुळामुळे अळी पान जास्त खाते. पुढच्या मंगळवारी नानांनी पाहिलं तर प्लॉटमध्ये अळ्या होत्याच.

ताईंकडे दीडशे अंडीपुंजांची बॅच होती. किडे पाचव्या, म्हणजे कोष विणण्याआधीच्या शेवटच्या अवस्थेत, म्हणजे तुतीचा पाला टाकला की शेडमध्ये पाऊस पडल्यासारखा आवाज यायचे दिवस. शनिवारी त्यांच्या वहीत नोंद आहे: “काही किडे फुगलेले, कडेला फिरतात.” पुढच्या दोन दिवसांत फुगलेल्यांची संख्या वाढली. किड्याची कातडी ताणून चकचकीत झालेली, वळ्यांमध्ये सूज, जरा धक्का लागला की कातडी फुटून दुधासारखं पाणी बाहेर. हा ग्रासरी रोग. तो विषाणूजन्य असतो हे ताईंना प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. आणि समोरच्या शेतात नुकताच ‘व्हायरस’ फवारला गेलाय हे नानांच्याच मुलानं सांगितलेलं.

“नाना, तुम्ही व्हायरस मारला म्हणे. वारं माझ्याकडं होतं त्या दिवशी,” एवढंच त्या बोलल्या. त्यानंतर दोन्ही घरांत बोलणं बंद.

प्लॉटमध्ये काय दिसलं

औषध फेल गेलं नव्हतं. झाडांच्या शेंड्यांकडे नजर टाकली की कळत होतं. वरच्या पानांच्या कडांना, तारेला, बांबूच्या टोकाला अळ्या मागच्या पायांनी चिकटून डोकं खाली करून लोंबत होत्या. काहींचा इंग्रजी व्ही उलटा केल्यासारखा आकार झालेला. एकीला काडीनं स्पर्श केला तर कातडी ओल्या कागदासारखी फाटली आणि करडा-तपकिरी रस खालच्या पानावर ओघळला. तो रस म्हणजे कोट्यवधी विषाणूकणांचा साठा. खालचं पान खाणारी पुढची अळी तो पोटात घेणार.

मेल्या होत्या त्या सगळ्या हेलिकोव्हर्पा. कोणी हिरवी, कोणी तपकिरी, पण अंगावर तेच लांबट पट्टे आणि विरळ केस. मग खाणाऱ्या अळ्या कोणत्या? त्या भरदिवसा झाडावर सापडत नव्हत्या. मल्चिंग पेपरची कड उचलली तेव्हा खाली, बुंध्याजवळच्या ओलाव्यात, वेटोळं करून बसलेल्या सापडल्या. पाठीच्या दोन्ही बाजूंना काळ्या त्रिकोणांची रांग आणि मधून पिवळसर रेघ. ही स्पोडोप्टेरा लिट्युरा, आपल्याकडे तंबाखूवरची पाने खाणारी अळी म्हणतात ती. दिवसा लपते, रात्री खाते. तिचं अंडी घालणंही वेगळं. हेलिकोव्हर्पाची मादी शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर एकेक अंडं सुटं घालते, स्पोडोप्टेराची मादी पानाखाली पुंजका घालून वर तपकिरी लव पसरते. त्या पुंजक्यातून निघालेल्या बारीक अळ्या आधी एकाच पानावर गोळा राहून त्याची जाळी करतात. अशी जाळी झालेली पानं नानांच्या प्लॉटमध्ये कडेच्या ओळींत भरपूर होती.

फळांवरची भोकंही एकसारखी नव्हती. गोल, स्वच्छ भोक, अळी अर्धी आत आणि अर्धी बाहेर, हे हेलिकोव्हर्पाचं काम. वेडंवाकडं कुरतडलेलं, सालीपासून ओरबाडलेलं फळ स्पोडोप्टेराचं. आणि देठाच्या टोपीजवळ टाचणीनं टोचल्यासारखी छिद्रं असतील तर ती टुटाची. टुटा म्हणजे दक्षिण अमेरिकेतून आलेला पतंग. भारतात तो २०१४ मध्ये पहिल्यांदा महाराष्ट्रातच, पुण्याकडच्या टोमॅटोवर सापडला. नानांकडे तिन्ही होते. बाटलीतला विषाणू त्यांतल्या एकाचाच.

मी हे सांगितल्यावर नाना म्हणाले, “म्हणजे अळी पाहून औषध निवडायचं? डॉक्टरसुद्धा एवढं बघत नाही.” डॉक्टरांवर हा अन्याय आहे, पण मुद्दा त्यांच्या लक्षात आला होता.

अळीच्या पोटातला प्रवास

या गटाच्या विषाणूंना बॅक्युलोव्हायरस म्हणतात. आकार काठीसारखा, आत गोलाकार जोडलेला दुपदरी डीएनए. मेलेल्या अळीच्या रसात हा विषाणू उघडा नसतो. पॉलिहेड्रिन नावाच्या प्रथिनाच्या स्फटिकात असे अनेक विषाणू कोंबून बसवलेले असतात. त्या स्फटिकाला पॉलिहेड्रा म्हणतात. आकार साधारण एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही ते चमकदार ठिपक्यांसारखे दिसतात. शिफारशीत हेक्टरी २५० एल.ई. असं लिहिलेलं असतं. त्यातला एक एल.ई. म्हणजे ६०० कोटी पॉलिहेड्रा. पूर्ण वाढलेली एक रोगट अळी साधारण एवढा माल तयार करते, त्यावरून हे माप आलं.

हे स्फटिक मातीत वर्षानुवर्षं टिकतात. विरघळतात ते अल्कलीत. अळीच्या मधल्या आतड्यातला रस चांगलाच अल्कलीयुक्त असतो, सामू (पीएच) १० ते ११ पर्यंत. नानांच्या प्लॉटमधल्या रसाचा एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि कडेनं धुण्याच्या सोड्याचं पातळ पाणी सोडलं, तर चमकणारे ठिपके बघता बघता फिके होत नाहीसे झाले. आतड्यात होतं ते हेच. चरबीचे थेंब असते तर सोड्याच्या पाण्यानं असे विरघळून गेले नसते, म्हणून पॉलिहेड्रा ओळखायला ही युक्ती कामाची आहे. त्यातून एक व्यवहाराची गोष्टही निघते. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकात चुना असतो. बोर्डो मारलेल्या टाकीतच नीट न धुता एनपीव्ही कालवलं, तर स्फटिक अळीच्या पोटात विरघळायचे ते टाकीतच विरघळून बसण्याचा धोका असतो. द्राक्षबाग आणि टोमॅटो एकाच ब्लोअरवर सांभाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

स्फटिक विरघळल्यावर सुटलेले विषाणू आतड्याचं पातळ अस्तर ओलांडतात, आतड्याच्या पेशींना चिकटतात आणि आत शिरतात. तिथं पहिली पिढी तयार होते. पुढं दुसऱ्या वेष्टनातले विषाणू श्वासनलिकांच्या जाळ्यातून चरबी, कातडी, रक्तपेशी असं अंगभर पसरतात. शेवटी पुन्हा पॉलिहेड्रा बनतात आणि विषाणूच्या दोन विकरांमुळे, कायटिनेज आणि कॅथेप्सिनमुळे, अळीचं शरीर आतून विरघळून कातडी फुटते. पानावर खाल्लेल्या पहिल्या घासापासून इथवर यायला लहान अळीला चारेक दिवस लागतात, मोठीला आठवडा किंवा जास्त. मोठ्या अळीला मुळात डोसही कित्येक पट जास्त लागतो.

मधल्या काळात विषाणू अळीला वापरून घेतो. त्याच्याकडे ईजीटी नावाचं जनुक असतं. ते अळीच्या कात टाकण्याच्या संप्रेरकाला निष्क्रिय करतं, म्हणजे अळी कात न टाकता खातच राहते आणि विषाणूला वाढायला जास्त मांस मिळतं. हे १९८९ मध्ये उघड झालं. पुढं २०११ मध्ये जिप्सी मॉथच्या अळ्यांवर दिसलं की मरण्याआधी शेंड्याकडे चढण्यामागेही याच जनुकाचा हात आहे. उंचावर मेलं की रस खालच्या पानांवर सांडतो. नानांच्या बांबूंच्या टोकांवर लोंबणाऱ्या अळ्या स्वतःच्या मर्जीनं तिथं गेलेल्या नव्हत्या.

ताईंच्या शेडमध्ये

रॅकच्या कडांवरून फुगलेले किडे फिरत होते. निरोगी पाचव्या अवस्थेतला रेशीमकिडा पाला सोडून कुठं जात नाही. हे भटकणंही विषाणूचंच. रेशीमकिड्यांमध्ये त्यामागे विषाणूचं पीटीपी नावाचं जनुक असल्याचं २००५ मध्ये दाखवलं गेलं. फुटलेल्या किड्याचं दूध काचपट्टीवर घेतलं तर त्यातही पॉलिहेड्रा. सोड्याच्या पाण्यात तेही विरघळले. ताईंनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “हे तर नानांच्या अळीत होतं तेच.”

दिसायला तेच होतं, आणि नुसत्या डोळ्यांनी त्यांना वेगळं सांगणं कठीणच आहे. म्हणून मी आधी वही मागितली. पहिली नोंद शनिवारची, फवारणी गुरुवारी संध्याकाळची. मध्ये दीड-दोन दिवस. पाचव्या अवस्थेतला किडा विषाणू पोटात गेल्यापासून दोन दिवसांत फुगून दूध गाळू लागत नाही. शनिवारी जे फुगले होते त्यांच्या पोटात विषाणू किमान तीन-चार दिवस आधी, म्हणजे नानांनी बाटली उघडण्याच्याही आधी गेलेला होता. निव्वळ तारखांवर ताईंचा आरोप डळमळला होता. पण डळमळणं म्हणजे निकाल लागणं नव्हे. शनिवारनंतर आजारी पडलेल्यांचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि ताईंनी तो विचारलाच.

अदलाबदल

मग अदलाबदल करून पाहायची ठरवली. नानांच्या मेलेल्या हेलिकोव्हर्पाचा रस एका बाटलीत, ताईंच्या ग्रासरी झालेल्या किड्यांचं दूध दुसरीत, दोन्ही गाळून पाण्यात पातळ केलेले. तिसरीत नुसतं पाणी. पानं त्यात बुडवून, सुकवून तिन्ही प्रकारच्या अळ्यांना खायला घातली: टोमॅटोचं पान हेलिकोव्हर्पा आणि स्पोडोप्टेराला, तुतीचं रेशीमकिड्यांना. रेशीमकिडे ताईंच्या शेडमधले घेतले नाहीत. त्यांच्या पोटात आधीच काय असेल ते सांगता येत नव्हतं. ते दुसऱ्या तालुक्यातल्या चॉकी केंद्रातून, म्हणजे किड्यांची लहान पिल्लं वाढवून देणाऱ्या केंद्रातून आणले. हे सगळं गावापासून लांब, नाशिकरोडला माझ्या घराच्या वरच्या खोलीत ठेवलं. ताईंची अटच होती की माझ्या शेताजवळ यातलं काही आणायचं नाही. रास्त अट होती.

हेलिकोव्हर्पाची प्रत्येक अळी वेगळ्या कपात ठेवावी लागते, कारण दोघींना एकत्र ठेवलं की सकाळी एकच उरते. स्पोडोप्टेराचं तसं नाही.

नानांचा रस खाल्लेल्या हेलिकोव्हर्पा पाचव्या दिवसापासून कपाच्या झाकणाला उलट्या लोंबू लागल्या. तोच रस खाल्लेल्या स्पोडोप्टेरा खात राहिल्या, वाढल्या आणि कपातल्या मातीत शिरून कोषात गेल्या. तोच रस लावलेला तुतीचा पाला खाल्लेल्या रेशीमकिड्यांनी रीतसर चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर चढून कोष विणले. उलट बाजूनं, ताईंकडचं दूध खाल्लेले रेशीमकिडे फुगले, कडेला फिरू लागले, फुटले. त्याच दुधाचं पान खाल्लेल्या हेलिकोव्हर्पाला काही झालं नाही.

नुसत्या पाण्याच्या गटातली एक हेलिकोव्हर्पा मात्र मेली. तिच्या शेजारी एक पांढुरका कोष विणलेला होता. शेतातच कॅम्पोलेटिस नावाच्या परोपजीवी गांधीलमाशीनं तिच्यात अंडं घातलेलं होतं. यात एक मजा आहे. या जातकुळीच्या गांधीलमाश्या अंड्यासोबत स्वतःचे विषाणूसदृश कण अळीत सोडतात. ते कण अळीची प्रतिकारशक्ती दाबून टाकतात, पण अळीत वाढत नाहीत. ते तयार होतात फक्त माशीच्या अंडाशयाजवळच्या पेशींत. आजारी एक, घर दुसरीकडे. ते प्रकरण पुन्हा कधीतरी.

मूठभर अळ्यांच्या चाचणीवर प्रबंध लिहिता येत नाही. पण तारखा आणि अदलाबदल, दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होत्या: शेतातला विषाणू आणि शेडमधला विषाणू वेगळे होते. शेडमधला होता रेशीमकिड्याचा स्वतःचा, बीएमएनपीव्ही. एरवी तो रेशीमकिड्यावरच जगतो.

अडतं कुठे?

ताईंचा पुढचा प्रश्न नेमका होता. रेशीमकिड्याच्या पोटातही अल्कली असते. मग हेलिकोव्हर्पाच्या विषाणूचे स्फटिक तिथंही विरघळणारच. विषाणू सुटणारच. मग तो थांबतो कुठे?

नाशिकच्या माणसाला हे द्राक्षाच्या कंटेनरवरून पटकन कळतं. बागेची नोंदणी, औषधांच्या अंशांची तपासणी, पॅकहाउसची प्रतवारी, पलीकडच्या बंदरावरची तपासणी. यांतल्या कुठल्याही एका ठिकाणी माल नापास झाला की कंटेनर अडला, बाकी सगळं कितीही चोख असो. विषाणूचंही तसंच आहे. आतड्याच्या पेशीला चिकटायला त्याच्याकडे नेमकी प्रथिनं लागतात. चिकटून आत गेला तरी त्या पेशीत त्याची जनुकं चालू व्हावी लागतात. चालू झाली तरी त्याच्या डीएनएच्या प्रती निघाव्या लागतात. निघाल्या तरी पेशीनं त्याआधी आत्महत्या करून खेळ संपवलेला नसावा लागतो. आणि हे सगळं जमलं तरी पेशीपेशींतून अंगभर पसरता यावं लागतं. आपल्या यजमानात विषाणू हे सगळे टप्पे पार करतो. परक्या किड्यात एखाद्या ठिकाणी अडतो, आणि एक अडणंही पुरेसं असतं.

याचे काही टप्पे प्रयोगशाळेत फार छान उलगडलेले आहेत. ऑटोग्राफा कॅलिफॉर्निका या पतंगात सापडलेला एसीएमएनपीव्ही घ्या. अभ्यासकांचा हा लाडका विषाणू, कारण तो एकाच किड्याला चिकटून बसत नाही. पतंगांच्या तीसहून अधिक जाती त्याला चालतात. त्याची आणि रेशीमकिड्याच्या बीएमएनपीव्हीची जनुकं ९० टक्क्यांहून अधिक जुळतात, तरी एरवी रेशीमकिड्याच्या पेशींत त्याला वाढता येत नाही. १९९३ मध्ये जपानी संशोधकांच्या गटाला दिसलं की डीएनएच्या प्रती काढायला लागणाऱ्या हेलिकेज या एका प्रथिनाचा छोटासा तुकडा बीएमएनपीव्हीकडून घेऊन बसवला, की तोच एसीएमएनपीव्ही रेशीमकिड्याच्या पेशींत वाढू लागतो. पुढच्याच वर्षी असा बदललेला विषाणू जिवंत रेशीमकिड्यांनाही मारू शकतो हे दुसऱ्या गटानं दाखवलं.

पेशीच्या आत्महत्येचा मुद्दा १९९१ चा. एसीएमएनपीव्हीकडे पी-३५ नावाचं जनुक आहे, ते पेशीला मरू देत नाही. ते काढून टाकलं तर स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डाच्या पेशी संसर्ग होताच स्वतःला संपवतात आणि विषाणू अडकतो. म्हणजे पेशी मरते, किडा वाचतो. ही स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा म्हणजे २०१८ पासून आपल्या मक्यावर धुमाकूळ घालणारी अमेरिकन लष्करी अळी. तिचाही वेगळा एनपीव्ही आहे.

‘माणसाला काही होणार नाही ना’ हा प्रश्न नानांच्या घरातून आला, तोही वाजवी. इथं एक गोष्ट चकित करणारी आहे. १९९५ मध्ये दिसून आलं की बॅक्युलोव्हायरस माणसाच्या यकृताच्या पेशींत सहज शिरतो. शिरतो, पण वाढत नाही. त्याची स्वतःची जनुकं तिथं कामाला लागत नाहीत. याच गुणामुळे पुढं जनुकं पेशीत पोचवायला त्याचा वापर होऊ लागला. म्हणजे आत शिरू दिलं नाही म्हणून आपण सुरक्षित आहोत असं नाही, आत शिरूनही त्याचं काही चालत नाही म्हणून आहोत. मला हे उत्तर जास्त दिलासा देणारं वाटतं.

सगळेच कीटक-विषाणू असे एकनिष्ठ नसतात, हेही सांगायला हवं. रातकिड्यांत सापडलेला क्रिकेट पॅरालिसिस व्हायरस वेगवेगळ्या गणांतल्या कीटकांना लागतो, पण तो बॅक्युलोव्हायरस नाही, आरएनए विषाणूंच्या वेगळ्या कुळातला आहे. उलट, मधमाश्यांच्या अळ्यांना मारणारा थाई सॅकब्रूड हा विषाणू घ्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं दक्षिण भारतात आपल्या सातेरी मधमाशीच्या वसाहतीच्या वसाहती बसवल्या, आणि पेट्यांत पाळली जाणारी युरोपीय मधमाशी मात्र बरीच वाचली. दोन्ही मधमाश्याच. म्हणून ‘व्हायरस सुरक्षित असतो’ हे वाक्य मी कधी वापरत नाही. कोणता विषाणू, कोणता किडा, हे विचारूनच उत्तर देता येतं.

ताईंनी घाबरायचं कशाला

माझ्या मते ताई चुकीच्या बाटलीला घाबरत होत्या. नानांच्या खोलीत कपाटावर दुसऱ्या दोन बाटल्या होत्या. एक बीटीची, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. तीही जैविक, तिच्यावरही हिरवं पान छापलेलं. पण हा जिवाणू पहिल्यांदा ओळखला गेला तोच मुळी रेशीमकिड्यांचा मारेकरी म्हणून: १९०१ मध्ये जपानमध्ये इशिवाता यांनी अचानक मरणाऱ्या रेशीमकिड्यांतून तो वेगळा काढला. पतंगांच्या अळ्यांवर चालणारं बीटी रेशीमकिड्यांवरही चालतं. दुसरी बाटली क्लोरअँट्रानिलिप्रोल या रासायनिक कीटकनाशकाची. तुतीच्या पानावर त्याचा अगदी अल्प अंश गेला तरी रेशीमकिडे खाणं सोडतात. एनपीव्ही चाललं नाही म्हणून नाना पुढच्या आठवड्यात या दोन्ही मारणार होते. वारं तेच, रस्ता तोच.

हे ऐकल्यावर ताईंनी नानांकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच थेट विचारलं, “कधी मारणार होता?” नानांनी बाटल्या कपाटातून काढून मुलाच्या हातात दिल्या. बोलणं तिथून पुन्हा सुरू झालं.

ग्रासरी आली कुठून

हे शोधायला फार खोलात जावं लागलं नाही. आधीच्या बॅचमध्येही थोडे किडे फुगून मेले होते, ताईंनी ते वहीत टिपलं नव्हतं. मेलेले किडे आणि उरलेला पाला शेडच्या मागच्या खड्ड्यात गेला, खड्ड्यातलं खत तुतीला. दोन बॅचमध्ये शेड धुतलं होतं, पण पावसात ट्रे नीट वाळले नव्हते आणि निर्जंतुकीकरण घाईत उरकलेलं. पॉलिहेड्रा अशा जागी महिनोन्महिने दबा धरून बसतात. दमट हवेत किडे नाजूक झाले की पुढचं काम सोपं.

शेड पूर्ण रिकामं केलं. २ टक्के ब्लीचिंग पावडर ०.३ टक्के चुन्याच्या निवळीत मिसळून भिंती, रॅक, ट्रे, जमीन, दाराबाहेरचा ओटा, सगळं भिजवलं. खड्डा शेडपासून लांब हलवला, मेलेले किडे आता चुना टाकून पुरतात. फुगलेला एक जरी किडा दिसला तरी तो चिमट्यानं उचलायचा, हातानं नाही, असा नियम ताईंनी घरातल्या सगळ्यांना घालून दिला. पुढच्या बॅचला ग्रासरी तुरळक आली. संपली नाही, तुरळक आली.

नानांकडे काय केलं

स्पोडोप्टेराचा स्वतःचा विषाणू, एसएलएनपीव्ही, बाजारात मिळतो. तो आणला, पण सगळा भार त्याच्यावर टाकला नाही. जाळी झालेली पानं बारीक अळ्यांसकट खुडून साबणाच्या पाण्यात बुडवली, हे काम नानांच्या घरातल्या बायकांनी दोन सकाळींत उरकलं. त्याचा परिणाम कुठल्याही बाटलीपेक्षा जास्त दिसला. दोन्ही पतंगांचे कामगंध सापळे (मादीच्या वासानं नराला ओढणारे) लावले, टुटासाठी वेगळे. कडेला झेंडू होताच, दसऱ्यासाठी लावलेला. हेलिकोव्हर्पाची मादी झेंडूवर अंडी घालायला आवडीनं येते, म्हणून एचएएनपीव्हीची पुढची फवारणी झेंडूवरही घेतली.

नानांनी मेलेल्या अळ्या गोळा करून घरीच रस काढून फवारू का, असं विचारलं. बरेच शेतकरी करतात. मी नको म्हटलं, कारण दोन जातींच्या अळ्या मिसळलेल्या प्लॉटमधून काढलेल्या रसात नक्की काय, किती आहे ते सांगता येत नाही, आणि कुजलेल्या अळ्यांबरोबर जिवाणूही येतात.

फवारणीच्या आदल्या दिवशी ताईंना निरोप द्यायचा, एवढा एक करार दोघांत झाला. एनपीव्ही असेल तर नुसतं सांगायचं. बीटी किंवा क्लोरअँट्रानिलिप्रोल असेल तर वारं शेडकडून प्लॉटकडे असतानाच मारायचं, आणि ताईंनी तुतीचा रस्त्याकडचा पट्टा त्या बॅचला तोडायचा नाही.

टोमॅटो उरकल्यावर नानांचा फोन आला. कांद्यावर फुलकिडे आलेत, त्याचा व्हायरस मिळेल का? मिळत नाही. एनपीव्ही पानासोबत चघळून पोटात जावा लागतो, तिथं कडक अल्कली मिळावी लागते आणि पुढं त्याला स्वतःच्याच यजमानाच्या पेशी लागतात. बॅक्युलोव्हायरस मुख्यतः पतंगांच्या अळ्यांत सापडतात, थोडे करवत माश्यांत आणि डासांत. पानाची पेशी टोचून रस पिणारा फुलकिडा त्यांच्या यादीत नाही. नानांनी निळे चिकट सापळे लावले आणि ठिबकऐवजी तुषार सिंचन सुरू केलं.

“आणि वरून काही मारायचं झालंच तर आधी ताईंना सांगतो,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.